हत्ती, दोन्ही बाजूंनी

आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर धारवाडचं. भरतकाम दाखवायला नेलं की त्या आधी कापड उलटं करतात. सुलट बाजूवर तुम्ही मोर काढलाय की मोरी, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

त्यांच्याकडे मी कर्नाटकी कशिदा, म्हणजे कसुती शिकायला घेतली. पहिला टाका गवंती. दिसायला निव्वळ धावदोरा. "धावदोराच की गं तो," काकू म्हणाल्या, "फक्त जाऊन परत यायचं."

या 'फक्त'मध्येच खरी मेख आहे. जाताना एक टाका वर, एक खाली. येताना त्याच वाटेनं मोकळ्या जागा भरत यायचं. रेघ अखंड झाली पाहिजे, आणि दोन्हीकडून सारखी. गाठ मारायची नाही, ती मागे दिसते. पेन्सिलीनं नक्षी उमटवायची नाही, कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे. इरकली चंद्रकळेवर, म्हणजे काळ्याभोर साडीवर, बायकांनी हे पिढ्यानपिढ्या केलंय. दारावर बेल नसावी त्यांच्या. माझी सुई नेमक्या धाग्यावर टेकली रे टेकली, की कुरिअरवाला हजर. त्याला ओटीपी सांगेपर्यंत माझा आकडा गेलेला!

सरळ रेघेचं एक वेळ जमेल. पण हत्तीला सोंड असते, शेपूट असते, शिवाय चार पाय. आडगावात शिरून पुन्हा हमरस्त्याला लागणाऱ्या एसटीसारखं प्रत्येक अवयवात जाऊन माघारी यायचं. सोंडेत शिरायचं ते जाताना की येताना, हे आधीच ठरवावं लागतं. एवढं नियोजन मी लेकीच्या लग्नातही केलं नव्हतं.

युरोपात या गवंतीलाच होल्बाइन टाका म्हणतात. १६व्या शतकातल्या हान्स होल्बाइन या चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांत कॉलरींवर, बाह्यांवर असं भरतकाम दिसतं. त्याला रंगवावी लागली फक्त सुलट बाजू. सुटला!

"मशीनवर दहा मिनिटांत होतं हे," आमच्या ह्यांनी पेपरामागून सांगितलं.

"मशीनची मागची बाजू बघा म्हणावं," काकूंचं उत्तर भिंतीपलीकडून आलं.

हत्ती झाला तेव्हा काकूंनी तो उलटा करून खिडकीपाशी नेला. नखानं गाठ शोधली. मिळाली नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

"सोंड बरी आहे," त्या म्हणाल्या. "आता पाठीवर अंबारी काढ."