पैशाला मध्ये थांबायला जागाच नाही

कुणी ऑनलाइन फसलं की पोस्टखालच्या कमेंटी ठरलेल्या. ‘शिकलेली माणसंसुद्धा कशी फसतात?’ ‘एवढं स्वस्त मिळतंय म्हटल्यावर संशय यायला नको?’ आणि ‘माल बघायच्या आधी पैसे टाकलेच कशाला?’ हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकतो. अनोळखी माणसाकडून लांबून वस्तू घ्यायची तर दुसरा मार्ग कोणता होता, ते विचारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

माझ्या भाचीला पुण्यात नोकरी लागली. रूमवर जुना फ्रीज हवा होता, तो तिला जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर सापडला. विकणारा ‘फौजी’. बदली झाली म्हणून घाईत सामान काढतोय. ओळखपत्राचा फोटो आला, कॅन्टीन कार्डाचा आला, गणवेशातला आला. बोलणं इतकं अदबीचं की सख्ख्या जावयानं लाजावं. आधी टोकन, मग ‘गाडी आमचीच येईल’ म्हणून भाडं, मग परत मिळणार असलेला जीएसटी. त्यानंतर गेटपासचे पैसे मागितले तेव्हा ती थांबली. हीच कथा बुलेटला चालते, सोफ्याला चालते, भाड्याच्या फ्लॅटला तर फारच छान चालते. हरियाणातलं नूह, राजस्थानातला भरतपूर-डीगचा पट्टा, तिथल्या टोळ्यांची नावं अशा गुन्ह्यांत वर्षानुवर्षं येताहेत. ज्या देशात गणवेश बघून माणसं उभी राहतात तिथे कोणता मुखवटा घालायचा, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

बँकेत गेलो. उत्तर एका ओळीत आलं: ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’

खरंच आहे. व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक फिरत असतं: तीन कामकाजाच्या दिवसांत कळवा, तुमची जबाबदारी शून्य. पण ते तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराबद्दल आहे. कुणी कार्डाची नक्कल केली, खात्यात घुसून पैसे काढले, तर. तुम्ही स्वतः नाव बघून, रक्कम टाकून, पिन दाबून पैसे पाठवलेत की बँकेच्या लेखी तो व्यवहार बिनचूक पार पडला. ॲपमधलं ‘तक्रार नोंदवा’ हे बटणही मुख्यतः पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, अशा अडकलेल्या व्यवहारांसाठी. इथे पैसे पोचलेत. अगदी वेळेवर पोचलेत, हीच तर तक्रार आहे!

ग्राहक कायद्याचंही असंच. २०१९ चा कायदा चांगला आहे, त्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. पण त्या नियमांतच लिहिलंय की नियमित किंवा पद्धतशीर धंदा म्हणून नव्हे तर वैयक्तिक पातळीवर विकणाऱ्या व्यक्तीला ते लागू नाहीत. म्हणजे घरातला जुना फ्रीज काढणारा माणूस त्यातून बाहेर. (उलट रोज संध्याकाळी लाइव्ह येऊन पैठण्या विकणाऱ्या ताई मात्र ‘मी घरगुतीच करते हो’ म्हणून सुटत नाहीत. तो धंदाच आहे. तिथे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जरूर तक्रार करा, बरेच जण करत नाहीत.)

उरले पोलीस. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा तो लगेच, चहा पिऊन नव्हे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत निरोप जातो आणि शिल्लक असेल ती रक्कम गोठवली जाते. पण पैसा तिथे बसून राहत नाही, भाड्यानं घेतलेल्या दोन-चार खात्यांतून पळत एटीएमवर पोचतो. आणि वस्तू आली पण मोडकी आली, फोटोत एक अन् खोक्यात दुसरीच निघाली, तर ठाण्यात ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ असं ऐकायची तयारी ठेवा. चार हजारांच्या मिक्सरसाठी दिवाणी दावा कोण लावणार?

मूळ दुखणं लोभ नाही, भोळेपणाही नाही. यूपीआय ही हातात नोट ठेवण्याची सोय आहे. भाजीवाल्यापाशी ती उत्तम, कारण जुडी पिशवीत पडल्यावर आपण पैसे देतो. तीच सोय आपण पाचशे किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाशी वापरतोय. खरेदीचे पैसे आणि माल एकमेकांची वाट बघत थोडा वेळ मध्ये कुठेतरी थांबले पाहिजेत. तशी जागाच त्यात ठेवलेली नाही.

आणि ही कल्पना नवी आहे असंही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पुस्तकं व्हीपीनं यायची. पोस्टमन पार्सल घेऊन दारात, पैसे मोजून त्याच्या हातात, मग ते मनीऑर्डरनं प्रकाशकाकडे. १८९८ च्या टपाल कायद्यात तर अशीही तरतूद होती की व्हीपीच्या पार्सलात फसवणूक निघाली तर वसूल केलेले पैसे रोखून ते घेणाऱ्याला परत देण्याचे नियम सरकारला करता येतील. इंग्रजांच्या टपालखात्याला जे सुचलं ते आपल्या डिजिटल इंडियाला सुचू नये?

सुचलंय, पण दुसऱ्यांसाठी. यूपीआयवरून आयपीओला, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीला, अर्ज करा. पैसे तुमच्याच खात्यात राहतात, फक्त अडवून ठेवले जातात. शेअर मिळाला तर कापले जातात, नाही मिळाला तर मोकळे. किरकोळ गुंतवणूकदारांना ही सोय २०१९ पासून आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पुढचं पाऊल जाहीर केलं: रक्कम एकदा अडवायची आणि माल किंवा सेवा मिळेल तशी कापायची. हॉटेल बुकिंग, शेअर, ई-कॉमर्स यांसाठी. म्हणजे तंत्र हाताशी आहे. मग माझ्या भाचीच्या फ्रीजनं काय घोडं मारलंय?

२०२५ मध्ये दोन बरे बदल झाले, ते नाकारत नाही. पैसे पाठवण्याआधी आता खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ‘पैसे मागवण्याची’ विनंती बंद झाली. ‘मी पैसे पाठवतोय, तुम्ही फक्त पिन टाका’ म्हणत विकणाऱ्यालाच लुटायचा एक रस्ता त्यानं बुजला. पण भाड्याच्या खात्यावर खऱ्याच कुणाचं तरी नाव असतं. ते दिसून खरेदीदाराला काय कळणार?

ब्रिटननं वेगळा रस्ता धरला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पैसे पाठवायला लावलं असेल तर बँकेनं ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, आणि तो बोजा पाठवणारी व पैसे घेणारी बँक यांनी निम्मा-निम्मा उचलायचा. मला त्यातला दुसरा भाग फार आवडतो. चोराचं खातं ज्या बँकेनं उघडलं तिच्याही खिशाला चाट बसली की केवायसी, म्हणजे खातेदाराची ओळख तपासणं, कागदावरून खाली उतरते. आपल्याकडे ‘लोक खोट्या तक्रारी करतील’ असं म्हटलं जाईल. करतील काही जण. म्हणून खऱ्यांनी काय बुडत राहायचं?

आमचा जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीचा एक ग्रुप आहे. तिथेही एक-दोन जण बुडाले, खोटा स्क्रीनशॉट दाखवून पुस्तकं उकळणारेही निघाले. मी सुचवलं की पैसे ॲडमिननं स्वतःकडे ठेवावेत, पार्सल पोचल्याचा फोटो आला की विकणाऱ्याला द्यावेत. ॲडमिन बँकेतूनच निवृत्त झालेले गृहस्थ. म्हणाले, ‘कल्पना चांगली आहे, पण कुणी एक तक्रार केली तर गोठेल ते माझं पेन्शनचं खातं. ते सोडवायला मी कुठल्या राज्यातल्या सायबर ठाण्यात फेऱ्या मारू?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मध्ये उभं राहायचं काम एकट्या माणसाचं नाही, ते बँकेनं करायला हवं. तोवर आमच्या ग्रुपचा नियम एवढाच आहे: पाचशेच्या वरचं पुस्तक प्रत्यक्ष भेटून, नाहीतर नाही. त्यामुळे नागपूरच्या सभासदांना पुण्याची पुस्तकं मिळत नाहीत आणि त्यांची कुरकुर अगदी रास्त आहे.