टर्बो म्हणजे नुसता डिकीवरचा बॅज नाही हो

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांब होणार, नको असेल तर पुढे स्क्रोल करा.

मावसभावाला एक लिटरची टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) पेट्रोल गाडी घ्यायचीय म्हणून त्याच्यासोबत शोरूमला गेले होते. नाव घेत नाही, सगळीकडे हेच आहे. सेल्सवाला पोरगा अर्धा तास सनरूफ आणि अँबियंट लाइट दाखवत बसला. मी विचारलं, हिला ऑइल कुठल्या ग्रेडचं लागतं? तर माझ्याकडे न बघता भावाला म्हणतो, "सर ते टेन्शन घेऊच नका, सर्व्हिसवाले टाकतात काय ते." काय ते! अरे एवढे लाख मोजून घेतोय माणूस, आणि "काय ते"??

त्यात सोबत आलेल्या काकांचं वेगळंच. "एक लिटर? तीन सिलिंडर? पाच माणसं घेऊन घाट चढेल का ही?" अहो काका, तुम्ही अर्धं आयुष्य ज्या मारुती ८०० मध्ये काढलंत ती पण तीनच सिलिंडरची, ७९६ सीसी, आणि तिला टर्बो पण नव्हता. तेव्हा नाही मोजले कुणी सिलिंडर.

आणि घाटाचंच म्हणाल तर ऐका. माझी गाडी १.० टीएसआय, म्हणजे फोक्सवॅगन ग्रुपचं एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ईए२११ नावाच्या इंजिन-घराण्यातलं. मे महिन्यात चिपळूणहून कऱ्हाडला येत होतो, गाडीत पाच जण, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि वर एक फणस. पोफळी मागे पडली, कुंभार्लीचा चढ लागला आणि बाबांचा हात आपोआप एसीच्या बटणाकडे. आमच्याकडे घाट म्हणजे एसी बंद आणि काचा खाली, लहानपणापासून हेच. मी म्हटलं, राहू द्या बाबा. ते गप्प बसले, पण डोळे टेम्परेचरच्या काट्यावर.

ह्यात जादू काही नाही. इथे फोक्सवॅगनच्या व्हेंटोत आधी १.६ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन यायचं, १०५ हॉर्सपॉवर आणि १५३ एनएम टॉर्क (म्हणजे गाडी ओढणारा जोर), तोही ३८०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३८०० फेरे मारेल तेव्हा. २०२० ला बीएस६ चे प्रदूषण नियम आले आणि त्याच्या जागी हे ९९९ सीसीचं आलं, ११० हॉर्सपॉवर, १७५ एनएम. पुढे स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगनमध्ये ११५ आणि १७८ झालं. महत्त्वाचं म्हणजे हा टॉर्क १७५० आरपीएमपासूनच मिळतो, म्हणून चढावर इंजिन बोंबलवावं लागत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये वळणं घेत होते, पुढे एक एसटी होती ती सरळ पट्ट्यात मागे टाकली, तर बाबांचा हात परत एसीकडे 😀

आता मान्य, १५०० च्या खाली गाडी झोपते, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सारखं फर्स्ट-सेकंड करावं लागतं. पाय जड असेल तर मायलेज पण बोंबललं. आणि ह्यांच्या आधीच्या पिढीत टायमिंग चेनच्या (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या साखळीच्या) तक्रारी होत्याच, २०१२ च्या ईए२११ मध्ये चेन जाऊन बेल्ट आला. झालं समाधान?

पण ऑइलचं काय ते ऐका. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम गॅसवर ते टर्बोचं चक्र फिरतं, मिनिटाला लाखावर फेरे, आणि त्याचा दांडा बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. बाकी काही नाही तिथे, फक्त ऑइल. ते भलत्याच ग्रेडचं टाकलं, नाहीतर पाच हजार किलोमीटर जास्त ओढलं, की बेअरिंगची वाट. फोर्डच्या सुरुवातीच्या एक लिटर इकोबूस्ट टर्बो इंजिनात तर टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजत फिरतो, तिथे चुकीचं ऑइल म्हणजे बेल्टचाच निकाल. घाट चढून आल्यावर खटकन बंद करायचं नाही, अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवायची, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं. हल्ली टर्बोला पाण्याचं कूलिंग असतं, हो माहितीये, तरी ठेवायची. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा मी तशीच ठेवली होती, तर बाबा म्हणाले, "पेट्रोल वर आलंय का तुझं?" मग त्यांना सांगितलं. पंधरा वाक्यं पण लागली नाहीत. माणसाला कळतं हो, सांगितलं तर.

त्या पोराचा तरी काय दोष म्हणा. बाविशीतला असेल, त्याला शिकवलंच सनरूफ. वरच्यांना गाडी विकून झाली की पुढचं गिऱ्हाईक हवं. पण मग चार वर्षांनी कुणाचा तरी टर्बो जातो, लाखाच्या आसपासचं बिल हातात येतं, आणि गल्लीतला प्रत्येक जण सांगत सुटतो की टर्बो टिकत नाही, छोटी इंजिनं कचकड्याची. ह्याचाच राग येतो मला!

भावाने बुकिंग केलेलं नाहीये अजून. त्याला सांगितलंय, मॅन्युअलची पीडीएफ उघड, ऑइलचं पान वाच, मग टोकन दे. तो ती वाचणार नाही, मला माहितीये, मलाच वाचून दाखवावी लागणार.

आणि कॉमेंटमध्ये "नॅचरली अॅस्पिरेटेडच भारी" म्हणून, म्हणजे बिनटर्बोचीच इंजिनं भारी म्हणत, येणाऱ्यांनी आधी सांगा, तुमच्या गाडीत सध्या ऑइल कुठलंय? गुगल न करता.