उंबऱ्यावर मिरचीपूड टाकून कुत्रं शहाणं होत नसतं

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज आला, दुसऱ्या दिवशी तोच कॉलनीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या ग्रुपवर, म्हणजे अर्ध्या सांगलीनं वाचला असणार. "कुत्रं-मांजर स्वयंपाकघरात, देवघरात शिरतंय? पाच रामबाण उपाय, तीन दिवसांत फरक." उंबऱ्यावर मिरचीपूड टाका, कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवा, दारात लाल पाण्याची बाटली ठेवा, तरी आत आलं तर पेपरची गुंडाळी हाणा, आणि घाण केली तर तिथं नेऊन नाक घासा. वर शेवटी टीप, की मोठं झालेलं जनावर शिकत नाही, त्याला बांधूनच घाला. खाली अंगठेच अंगठे.

मी काय डॉक्टर नाही. पण २०१९ च्या पुरानंतर गल्लीतल्या चिखलात सापडलेलं एक गावठी कुत्रं, शेरू, आमच्यात आहे, आणि एक मांजर आपलं आपण येऊन राहिलंय, त्यामुळं यातले दोन-तीन प्रयोग आम्हीपण करून बसलोय.

बाटलीचं आधी सांगतो, कारण तिच्यानं निदान कुणाचं वाईट होत नाही. कुत्र्याला रंग दिसतात पण मुख्यतः निळा आणि पिवळा, लाल त्याला मळकट तपकिरीसारखा दिसतो, मग त्या लालला घाबरायचं कशाला? काहीजण म्हणतात लाल नाही, निळीचं पाणी ठेवा. निळा दिसतो त्याला चांगला, पण दिसला म्हणून भ्यायचं काय कारण. आमच्या मागच्या बोळात एका फाटकाला चार बाटल्या बांधल्यात आणि गल्लीतली कुत्री सकाळी त्यांच्यावरच टांग वर करतात.

डांबरगोळ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यात नॅफ्थलीन असतं, कुत्र्यानं गोळी चघळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजराला तर आणखी थोड्यातच त्रास होतो. आणि आपल्या घरात रांगणारं पोरगं असलं तर ते काय गोळी बघून सोडणार आहे का! मांजर येऊ नये म्हणून फिनेल शिंपडणारेही आहेत. बऱ्याच फिनेलांत फिनॉलच्या जातीची रसायनं असतात, ती पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये फार कमी, आणि ते पाय चाटतंच, म्हणजे फरशीवरचं सगळं पोटात. मिरचीचंही तेच, पायाला लागते, पायानं तोंड पुसलं की डोळ्यात जाते. आम्ही टाकली होती एकदा. शेरू राहिला सोप्यात, म्हणजे बाहेर ओसरीत, खोकत आम्हीच बसलो, कारण फॅन चालू होता.

आता नाक घासणं आणि पेपर. "त्याला कळतंय बघा, कसं अपराध्यासारखं तोंड करतंय" हे सगळेच म्हणतात, मीपण म्हणायचो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ म्हणून अमेरिकेतल्या एक संशोधक आहेत, त्यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. मालकानं खाऊ खायचा नाही सांगून बाहेर जायचं, आणि परत आल्यावर कुत्र्यानं खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं सांगायचं कधी खोटं. तर ते पडलेलं तोंड खाण्यावर अवलंबून नव्हतंच, मालक ओरडला की यायचं, उलट न खाता ओरडा बसलेल्यांत जास्त दिसलं. म्हणजे तासाभरानं नाक घासलं तर कुत्रं एवढंच शिकतं की हा माणूस घरी आला की कधीकधी पिसाळतो. आणि पेपर हाणला तर तुमच्यासमोर आत येणार नाही, तुम्ही बाजाराला गेला की ओट्यापाशीच.

शेवटच्या टीपेचा मला खरा राग आला. शेरू चार वर्षांचा असताना शिकला, आणि तोवर शिकला नव्हता याचं कारण आमची आज्जी. पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची, हा तिचा नेम, आणि ती शेवटची भाकरी ती तव्यावरनं काढून तिथंच गॅसपाशी टाकायची. आम्ही दिवसभर "बाहेर, बाहेर" करायचं आणि संध्याकाळी आज्जीनं आत बोलवून पगार द्यायचा. त्यात मी भडंग खाताना मूठभर टाकणार, तेपण रोज नाही, कधीतरी. ते कधीतरीच सगळ्यात वाईट, कारण आज नाही मिळालं तर उद्या मिळेल म्हणून कुत्रं चिकाटी सोडत नाही, लॉटरीवाल्यासारखं.

मग भाकरी सोप्यात द्यायची ठरलं. आज्जी आठ दिवस फुगून होती. उंबऱ्याबाहेर एक जुनं पोतं टाकलं, दाराला गुडघ्याएवढी फळी लावली, आणि शेरू पोत्यावर बसला की लगेच, म्हणजे त्याच क्षणाला, शाब्बास आणि तुकडा. आधी रिकाम्या स्वयंपाकघरात, मग चहा करताना, मटणाचा दिवस सगळ्यात शेवटी. आत आला तर ओरडायचं नाही, गप पुढं उभं राहून पायानं वाट अडवायची, मागं सरकला की तुकडा. तीन दिवसांत नाही झालं, तीन आठवडे गेले, आणि मध्ये पाहुणे आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

आता फळी नाही. पुढचे दोन पाय बरोब्बर उंबऱ्यावर, नाक आत, बाकी सगळा शेरू सोप्यात. आज्जी पाठमोरी झाली की पोटावर बोटभर पुढं सरकतो, ती वळली की बोटभर मागं.

मांजराचं मात्र जमलं नाही. त्याला उंचावर बसायला हवं असतं म्हणून फ्रिजवर पोतं टाकलं, दूध झाकून ठेवायला लागलो, तेव्हापासून ओट्यावर कमी येतं. देवघराला जाळीचं दार लावलंय, त्याला कुणी काही शिकवायला लागत नाही.