कागद हलला पाहिजे

प्रशिक्षणाचा आदेश आमच्याकडे बहुधा शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि त्यातले 'उपस्थिती अनिवार्य आहे' एवढेच वाक्य ठळक अक्षरांत असते. या वेळी विषय इंग्रजी अध्यापनाचा होता, मुक्काम सांगलीचा आणि दिवस पाच. जत तालुक्यातून सांगलीला साडेनऊच्या हजेरीपटावर सही करायची, म्हणजे जी एस.टी. धरावी लागते तिच्या वेळेला आमच्या गावात कोंबडासुद्धा आरवायचा विचार करत असतो.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. मी स्वतः एबीसीडी पाचवीत शिकलो. त्यामुळे माझ्या वर्गातल्या चौथीच्या पोरांचा इंग्रजीतला अनुभव त्यांच्या वयाच्या मानाने माझ्यापेक्षा दांडगा आहे. त्यातून आमचे गाव कर्नाटकच्या सीमेवरचे, घरोघरी कानडी बोलणारे. तिथल्या मुलाच्या घरी 'नीरु' असते, शाळेत 'पाणी' असते आणि पुस्तकात 'वॉटर' असते. त्याला तहान लागते पहिल्या भाषेत, बाहेर जाण्याची परवानगी तो मागतो दुसऱ्या भाषेत आणि गुण मात्र तिसऱ्या भाषेत मिळवायचे असतात. या पोराला इंग्रजी कशी शिकवावी, हा प्रश्न खरोखर अवघड आहे आणि तो कोणीतरी सोडवून द्यावा, अशी माझी मनापासून इच्छा होती, हे नमूद करून ठेवतो.

प्रशिक्षणाची खोली एका प्राथमिक शाळेतली होती आणि बाक चौथीच्या मापाचे होते. वर्षाला किमान ५० तास शिक्षकाने व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. त्यांपैकी किती तास गुडघे बाकातून सोडवण्यात जातात, याचा हिशोब मात्र तिथे नाही. माझ्या शेजारी आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी बसले होते, ज्यांच्या निवृत्तीला नऊ महिने उरले होते.

पहिल्याच दिवशी सुलभकांनी, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या सरांनी, जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची पद्धत सांगितली. शिकणाऱ्याने आधी नुसते ऐकावे, ऐकलेली आज्ञा शरीराने पाळावी आणि बोलण्याची घाई करू नये, असा तिचा गाभा. विचार उत्तम आहे. लहान मूल आईची भाषा अशीच उचलते. मात्र 'स्टँड अप, सिट डाऊन' हा प्रयोग पन्नाशीकडे झुकलेल्या चाळीस शिक्षकांवर झाला. तिसऱ्या 'सिट डाऊन'ला गुरुजी उभेच राहिले. सुलभकांना वाटले, आज्ञा समजली नाही. म्हणून त्यांनी ती हातवारे करून पुन्हा दिली. तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, "कळलंय हो मला, गुडघ्याला कळंना झालंय."

पुढे 'मौनाचा काळ' आला. नवी भाषा शिकणारे मूल सुरुवातीला काही काळ गप्प राहते, त्या गप्प राहण्यातही त्याचे शिकणे चालू असते, म्हणून त्याला बोलण्याची सक्ती करू नये. हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर माझ्या वर्गातली तिसऱ्या बाकावरची मुलगी आली, जी जूनपासून दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती आणि जिला मी बोलण्याची रोज सक्ती केली होती. मी जरा ओशाळलो. तेवढ्यात सुलभकांनी विचारले, "आता हाच मुद्दा इंग्रजीतून कोण सांगेल?" त्याबरोबर चाळीसही जणांचा मौनाचा काळ सुरू झाला आणि तो चहा येईपर्यंत टिकला.

खरी परीक्षा उच्चारांच्या तासाला होती. इंग्रजी शब्दाच्या आरंभी असलेला 'प' आपल्या 'प'सारखा कोरडा नसतो, त्याच्यामागे हवेचा झोत असतो. म्हणून ओठांसमोर कागदाची चिठ्ठी धरून 'पेन' म्हटले की कागद हलला पाहिजे, असे सांगण्यात आले. आम्ही चिठ्ठ्या फाडल्या आणि 'पेन, पेन' करू लागलो. कागद हलेना. सरकारी नोकरीत कागद आपणहून हलत नाही, हा आम्हा सर्वांचा अनुभव असल्याने कोणाला फारसे नवल वाटले नाही. गुरुजींनी अखेर 'फेन' म्हटले, तेव्हा त्यांची चिठ्ठी थेट पुढच्या बाईंच्या अंबाड्यात जाऊन अडकली. माझी सुंदर फडफडत होती आणि मला शाबासकीही मिळाली. डोक्यावरचा पंखा पाचवर होता, हे मी बोललो नाही.

शेवटच्या दिवशी प्रशिक्षणानंतरच्या चाचणीसोबत एक अभिप्रायपत्र दिले आणि ते इंग्रजीतूनच भरायचे होते. खोलीत तेच सुरू झाले, जे आमच्या वर्गात चाचणीच्या दिवशी सुरू होते: माना लांब झाल्या, कोपरांचे आडोसे उभे राहिले. पहिल्या बाकावरच्या एका सरांनी 'व्हेरी युजफुल ट्रेनिंग' असे लिहिले आणि 'युजफुल'च्या शेवटी दोन 'एल' दिले. तो मजकूर बाकामागून बाक सरकत माझ्यापर्यंत आला. एकच 'एल' लागतो, हे मला पक्के ठाऊक होते. पण एकोणचाळीस कागदांवर दोन आणि माझ्या एकट्याच्या कागदावर एक, म्हणजे उगाच नजरेत भरणार; म्हणून मीही दुसरा दिला.

सुलभकांनी गठ्ठा उभ्याउभ्या चाळला. पाचव्या-सहाव्या कागदापाशी त्यांची भुवई किंचित वर गेली, पण माणूस अनुभवी होता. गठ्ठ्याला रबरबँड लावत ते शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाले, "अहवालात लिहून टाका, सर्व प्रशिक्षणार्थी समान पातळीवर आलेले आहेत."