पासिंगला निघालेल्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

गाडीला पंधरा वर्षं झाली की सरकारला तिची आठवण येते. १९८८ चा मोटार वाहन कायदा म्हणतो, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढं चालवायची असेल तर आरटीओच्या मैदानावर नेऊन साहेबांना दाखवायची, यालाच पासिंग म्हणायचं, मग ५ वर्षं वाढवून मिळतात. माझी मोटरसायकल डिसेंबर २०१० ची. परवाच दाखवून आलो, पास झाली. म्हणजे या विषयातला मी आता जाणकार, आणि सल्ला दिल्याशिवाय जाणकार माणसाला कोल्हापुरात चहा पचत नाही. तेव्हा ऐका.

पहिलं म्हणजे, पासिंगआधी गाडी दुरुस्त करू नका. मी केली. उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडं टाकली, पुढचे-मागचे ब्रेक लायनर बदलले, क्लचची केबल बदलली, मागचं टायर तळहातासारखं गुळगुळीत झालेलं, तेही नवं घातलं. बिल ४,२०० रुपये. मिस्त्री म्हणाला, "का ओ, पाव्हणं बघाय येणार हाईत व्हय हिला?" मी म्हटलं, पासिंग आहे. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि मला नीट बघून घेतलं. "त्याला हे कशाला? धुऊन न्या की नुसती."

धुऊन न्या. एवढं ऐकलं असतं तर ४,२०० वाचले असते.

मैदानावर दहाला रांगेत लागलो, साहेब साडेअकराला आले. माझी पाळी आली तेव्हा एकानं बोळ्यानं चासी नंबर पुसला, कागदाशी ताडून बघितला, मोबाईलवर फोटो काढला. इंडिकेटर? लावून दाखवला. हॉर्न? वाजवला. "न्या." चाळीस सेकंद, फार तर पंचेचाळीस. मी नवं टायर दिसावं म्हणून गाडी जरा तिरकी लावली होती, तर ती सरळ करा म्हणाले, फोटोत नंबर येत नव्हता. न राहवून विचारलं, "साहेब, ब्रेक?" त्यांच्याआधी रांगेतनं उत्तर आलं, "काका, ब्रेक तुमचाच हाय, घरला जाऊन दाबा."

दुसरं, आरसा विकत घेऊ नका, भाड्यानं मिळतो. मैदानाबाहेर झाडाखाली एक पोरगा पोतं पसरून बसलेला असतो. पोत्यावर आरसे, लाल रिफ्लेक्टर, रिक्षावाल्यांसाठी प्रथमोपचाराची पेटी. आरसा पन्नास रुपये, काम झालं की परत आणून द्यायचा. माझ्या डोळ्यांदेखत एकाच आरशानं तीन गाड्या पास करून दिल्या, त्याला तडा होता तरी. पेटीही मी उत्सुकतेनं उघडून बघितली. आत दोन स्क्रू आणि तंबाखूची पुडी. त्या मैदानावर सगळ्यात जास्त वेळा पास झालेली वस्तू ती पेटीच असावी.

रस्त्यांचं पासिंग कधी असतं, असं कुणाला विचारू नका.

पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचा दाखला, काढायला गेलात तर इंजिन बंद ठेवा, उगाच पेट्रोल जळतं. माझी गाडी जुनी, बीएस-थ्री, म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली, तिला दर सहा महिन्यांनी पीयूसी लागते. नव्यांना वर्षाला एकदा. नियम असा की सायलेन्सरमध्ये नळी घालायची, धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा, माझ्यासारख्या गाडीला तो साडेतीन टक्क्यांच्या आत असावा लागतो. नळी खिळ्याला टांगलेली होती आणि तिच्यावर कुणाचा तरी रेनकोट वाळत होता, जानेवारीत. पोरानं नंबरप्लेटचा फोटो घेतला, पन्नास रुपये घेतले आणि छापील कागद हातात दिला. कागदावर कार्बन मोनॉक्साइड थेट दशांशात! घरी येऊन मागच्या खेपेचा कागद शोधून काढला, तर तोच आकडा. सहा महिन्यांत माझ्या इंजिनचा श्वास तसूभरही बदललेला नाही. माझा स्वतःचा बदललाय, गंगावेशीत सिग्नलला पाच मिनिटं थांबलो की कळतंच.

सरकारी कामं वेळेत करण्याची सवय असेल तर तीही मोडा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती सुरक्षा नंबरप्लेट सांगितली, मुदत ३१ मार्च २०२५. मी शहाणा, मार्चमध्येच बसवून घेतली. मुदत मग एप्रिल झाली, जून झाली, ऑगस्ट झाली, नोव्हेंबर झाली, डिसेंबर झाली. पेठेत मला अजून 'प्लेटवाले' म्हणतात.

ज्यांना वाटतं की तपासणी वारंवार केली की गाडी सुधारते, त्यांनी वडापनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपनं, प्रवास करावा. प्रवासी गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी, मग दरवर्षी. आपल्या मोटरसायकलपेक्षा कितीतरी जास्त वेळा साहेबांच्या नजरेखालून गेलेली ती गाडी. मागच्या फळीवर निम्मं अंग बाहेर ठेवून बसलात आणि दार सुतळीनं बांधलेलं दिसलं, की तेवढं आठवा.

आणि उसाच्या ट्रॉलीला मागचा दिवा मागू नका. तिला टेप आहे. हंगामात रात्री गाडी चालवायची असेल तर डोळ्यांवर विसंबू नका, कानावर चाला. गाणं जवळ यायला लागलं की समजा, पुढं दहा-पंधरा टन ऊस उभा आहे. पासिंगनंतर चौथ्या रात्री मी बालिंग्याचा पूल ओलांडून फुलेवाडीकडं येत होतो. साडेनऊ वाजले असतील. समोर अंधार होता, आणि मग तो अंधारच ऊस झाला. दोन ट्रॉल्या एकामागं एक, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधं लाल फडकं नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश डोळ्यात, आणि नेमका त्या दिवशी ट्रॅक्टरचा टेप बंद. मी दोन्ही ब्रेक आवळले. गाडी थांबली. बाहेर लोंबणारा एक ऊस हेल्मेटच्या काचेला टेकला आणि तसाच हलत राहिला. तो काचेवर घासतानाचा आवाज अजून कानात आहे.

मी ओरडलो म्हणून पुढं जाऊन ट्रॅक्टर थांबला. वीस-बावीस वर्षांचं पोरगं खाली उतरलं. "काय झालं ओ काका?"

"मागचा दिवा कुठाय?"

"हुता की. मोडतोय ओ रोज. उसात काय टिकतंय?"

"आणि पासिंग?"

"झालंय की!" पोरानं असं सांगितलं, जणू दहावीचा निकाल. मोबाईल काढून कागद दाखवायला लागलं. ट्रॅक्टरला पुढून रंगीत दिव्यांची माळ, दोन्ही बाजूंना बसपेक्षा मोठे स्पीकर, बोनेटवर झेंडूचा हार. त्या हाराला वीस रुपये पडतात, मागच्या रिफ्लेक्टरच्या पट्टीलाही साधारण तेवढेच! दर साल हंगाम सुरू झाला की कुणीतरी चौकात उभं राहून पट्ट्या चिकटवतं, पेपरात फोटो येतो, आणि आठ दिवसांत त्या पट्ट्या चिखलानं भरतात नाहीतर पाल्याखाली जातात. मालकाला काय, वजन काट्यावर होतं, दिव्याचं होत नाही. आणि मी त्या पोराला शिव्या घालू म्हणतो, पण घालू कशा? त्याच्याकडं कागद आहे. माझ्याकडंही तोच कागद आहे. माझे ब्रेक लागतात हे माझ्या कागदाला माहीत नाही, त्याचा दिवा नाही हे त्याच्या कागदाला माहीत नाही. त्या रात्री मला कागदानं नाही वाचवलं. ज्या लायनरकडं मैदानावर कुणी बघितलं नाही, त्यांनी वाचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या एकाचा फोन. पुढच्या महिन्यात त्याच्या गाडीला पंधरा वर्षं होतात. "तुझा एजंट कोण होता रे? गाडी न नेता हुतंय का बघ की."

गाडी न नेता!

फोनवर काही बोललो नाही, इथं बोलतो. भावा, टोल नको म्हणून हे गाव रस्त्यावर उतरलं, मोर्चे काढले, टोल घालवूनच थांबलं. गाड्या नीट तपासा म्हणून आपण कधी चारजण तरी जमलो का? जमणार नाही, कारण नीट तपासायला लागले तर पहिली आपलीच गाडी अडकेल, हे आपल्याला माहीत आहे. साहेब बघत नाहीत म्हणून चहाच्या गाड्यावर बोंबलायचं आणि पाळी आली की 'जरा बघू नका' म्हणून एजंटाला पैसे द्यायचे. मी १,००० रुपये फी भरली, वर पर्यावरण कर भरला, त्या पैशात एका माणसानं एकदा ब्रेक दाबून बघायला काय हरकत होती? पण मी भांडलो का? नाही. पीयूसीवाल्यानं नळी लावली नाही तेव्हा 'बरं झालं, लवकर सुटलो' म्हणत गाडीला किक मारली. मीही तुझ्यातलाच.

एजंटाचा नंबर माझ्याकडं आहे, पण तुला देणार नाही. मिस्त्रीचा देतो, त्याच्याकडं जा. आणि आधी मागचा दिवा बदल. गेल्या दिवाळीपासून बंद आहे तुझा, मी रोज रात्री तुझ्या मागून येतो.