एमटीबीला स्टँड नसतो, काका

गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, बराच वेळ नुसतं "हं, हं" केलं आणि म्हणाले, "धावणं बंद." मी शेवटचा धावलो तो स्वारगेटला, सुटलेल्या एसटीच्या मागे, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली. तरीपण 'बंद' म्हटलं की आपलं काहीतरी मोठं हिरावून घेतल्यासारखं वाटतंच. माझा चेहरा बघून डॉक्टर नरमले. "पोहा, नाहीतर सायकल चालवा." पोहायचं तर चारचौघांत उघडं व्हावं लागतं. म्हणून सायकल.

त्यात आमच्या ऑफिसातली पाच मंडळी दर रविवारी पहाटे सायकलवरून सिंहगड करतात. 'करतात' हा त्यांचाच शब्द. आपण गडावर जातो, ते गड करतात. मग सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शेवटच्या दोन वळणांवर कुणाचा कसा दम निघाला याचं कीर्तन चालतं आणि मी डब्यातली भेंडी चिवडत ऐकत बसतो. यंदा ठरवलं, आपणही करायचा. गुडघे साथ देणार नाहीत, तर मोटर देईल. इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यायची, दुकानदारांच्या भाषेत एमटीबी.

"ठेवणार कुठे?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न तांत्रिक नव्हता, म्हणून मी तो यादीत घेतला नाही.

यादीत एकतीस प्रश्न होते. मी तसा सावध गिऱ्हाईक आहे. मिक्सर घेतानासुद्धा दुकानदाराला त्याचे आरपीएम विचारतो, त्या आकड्याचं पुढे काय करायचं हे ठाऊक नसलं तरी. पहिली शंका आरटीओची होती, तिचा निकाल पटकन लागला. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर कायद्याच्या लेखी ती सायकलच. पासिंग नको, लायसन्स नको. पंचविसाच्या पुढे मोटर आपोआप हात काढून घेते. दुकानातल्या मुलाने नंतर माझ्या कानाशी येऊन "काका, लिमिट काढून देतो, पस्तीस जाते" असं सांगितलं खरं. पण तशी ती पस्तीस गेली की त्याच क्षणी ती बिनानंबरची मोटारसायकल होते, आणि पुण्यात बिनानंबरचं वाहन घेऊन पस्तीसने जाण्याइतका मी तरुण नाही.

खरा घोळ रेंजचा. माहितीपत्रकावर लिहिलं होतं, 'एका चार्जमध्ये ५० किमीपर्यंत.' या 'पर्यंत' शब्दावर मी आयुष्यात बऱ्याच वेळा फसलो आहे. सेलमध्ये '७० टक्क्यांपर्यंत सूट' असते तेव्हा सत्तर टक्के फक्त रुमालांवर असतात. मी विजेच्या बिलाची मागची बाजू घेतली आणि पेन उघडलं.

बॅटरी ३६ व्होल्ट, १०.४ अँपिअर-अवर. गुणाकार केला की ३७४ वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण वीज. हा खरा आकडा, बाकी सगळं साहित्य. आता खर्च. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर, पण तो काही आपण समुद्रापासून चढत नाही. पायथ्यापासून घाटाचा रस्ता सुमारे ९ किलोमीटर आणि चढ सुमारे ६०० मीटर. सायकल २४ किलो. मी ८४. (बायको मागून म्हणाली, "८७." मी ८४ धरले.) एकूण १०८ किलो वजन ६०० मीटर वर उचलायचं म्हणजे शाळेतल्या सूत्राने १७६ वॉट-अवर. मोटर काही सगळी वीज चाकाला देत नाही, थोडी स्वतःच गरम होण्यात उडवते. तेव्हा बॅटरीतून जाणार सव्वादोनशेच्या आसपास. मी पायडल मारीन तेवढे कमी होतील, पण स्वतःच्या पायांचा हिशेब मी शून्य धरला. डॉक्टरांचा एक्स-रे मी पाहिला होता.

घरापासून पायथा २० किलोमीटर धरला, सपाटीला किलोमीटरमागे साडेसात वॉट-अवर धरले. दीडशे. सव्वादोनशे अधिक दीडशे, बरोबर ३७५.

बॅटरीत ३७४.

म्हणजे मी गडावर अगदी गाड्या लावतात तिथपर्यंत पोचणार आणि तिथे सायकल प्राण सोडणार. मग मी कांदाभजी खाणार, मडक्यातलं दही खाणार, घाट उतरणार, तो फुकटच आहे, आणि पायथ्यापासून घरापर्यंतचे २० किलोमीटर २४ किलोची मेलेली सायकल माझ्या गुडघ्यांवर ओढत आणणार. सकाळी ज्या गुडघ्यांसाठी ती घेतली, त्याच गुडघ्यांवर दुपारी तिची अंत्ययात्रा.

"गडावर चार्जिंग करा की," बायको म्हणाली. ही एवढी बॅटरी भरायला चारेक तास लागतात. चार तास गडावर बसायचं म्हणजे भजीच्या किती प्लेटा होतील आणि ८४ चे किती होतील, याचा गुणाकार मी केला नाही. वीज मात्र स्वस्त. पूर्ण चार्जला अर्धा युनिटसुद्धा धड लागत नाही. एवढ्या एका मुद्द्यावर घरात एकमत झालं.

शनिवारी यादी खिशात घालून दुकान गाठलं. तिथल्या मुलाचं वय माझ्या चपलांच्या वयापेक्षा थोडं जास्त असेल. त्याने पहिल्याच वाक्यात मला काका केलं.

"काका, ही बघा. एकवीस गिअर, डबल डिस्क, शंभर एमएम सस्पेन्शन."

मी आधी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. जुनी सवय आहे. लहानपणी तासावर भाड्याची सायकल घ्यायचो, तेव्हा बेल वाजते का आणि पायडलचा रबर शाबूत आहे का एवढं बघितलं की मूल्यमापन संपायचं. इथे बेलच नव्हती. कॅरिअर नव्हतं, मडगार्ड नव्हतं. पावसाळ्यात ही सायकल माझ्या शर्टावर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची सरळ रेघ ओढणार होती.

"स्टँड कुठंय?"

"एमटीबीला स्टँड नसतो, काका."

"मग उभी कशी करायची?"

"टेकवायची कशालातरी."

"डोंगरात?"

"झाड असतं ना, काका."

मी यादीच्या शेवटी बत्तिसावा मुद्दा लिहिला: झाड.

मग मोटरकडे वळलो. ती मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये होती. दुसरा प्रकार पायडलच्या आसापाशी मोटर असणारा. त्यात मोटरची ताकद साखळीतून जाते, म्हणून चढावर हलका गिअर टाकला की मोटरलाही हलकं होतं. हबच्या मोटरला तुमच्या एकवीस गिअरांचं काही सोयरसुतक नसतं. चाक हळू फिरलं की ती कण्हते आणि तापते. मग पायडलपाशी मोटरवाली का घेऊ नये? त्या सायकलची किंमत मुलाने सांगितली. बँकेतला माणूस गृहकर्जाचा आकडा सांगतो तशी, जरा आवाज उतरवून. आम्ही दोघांनी मिळून हबची मोटर उत्तम असल्याचं ठरवलं.

"आणि मागचं चाक पंक्चर झालं तर? मोटरची वायर सोडवल्याशिवाय चाक निघणार नाही. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सोडवेल?"

"काका, तुम्ही पंक्चर होण्याचाच विचार का करता?"

या प्रश्नावर माझी बायको या मुलाला जेवायला बोलावेल.

चालवून बघण्यासाठी दुकानासमोरची गल्ली होती. मी टांग टाकली, अर्धं पायडल मारलं. काही झालं नाही. आणखी अर्धं मारलं, आणि कुणीतरी मागून सीट धरून ढकललं. अगदी तसंच. वडिलांनी सायकल शिकवताना मागून धरलेली सीट मला बावन्नाव्या वर्षी आठवली आणि दोन सेकंद गहिवरून आलं. तिसऱ्या सेकंदाला समोर केळ्यांची गाडी आली. मी पाय थांबवले. वडील थांबले असते. मोटर थांबली नाही.

हे सेन्सरचं प्रकरण मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि केळ्यांत जाणं वेगळं. महागड्या सायकलीत पाय किती जोर लावतात हे मोजलं जातं आणि मोटर त्या हिशेबात जोर देते. या सायकलीला फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच कळतं, आणि तेही जरा उशिरा. सरकारी कार्यालयात अर्ज पोचतो, तसं. आणि नळ बंद केल्यावरही थोडं पाणी येत राहतं, तसा पाय थांबल्यावरही जोर येत राहतो. ब्रेक दाबला की मोटर तत्क्षणी बंद होते, हेही मी वाचलं होतं. ते केळ्यांपासून वीतभर अंतरावर आठवलं. केळीवाल्याने एक डझन हातात दिली. मी मुकाट्याने पैसे दिले.

"पण चढावर घेऊन बघायला पाहिजे," मी म्हणालो. "माउंटन बाइक आहे. सपाट गल्लीत तिचं काय कळणार? मुलगी बघायला जाऊन नुसता पत्ता वाचून परत यायचं का?"

ही उपमा मला तिथल्या तिथे महागात पडली, कारण दुकानात दोन मुली होत्या. पण काम झालं. माझं लायसन्स गल्ल्यात ठेवून घेतलं, मुलगा स्कूटरवर मागे आणि मी पुढे, असे आम्ही सहकारनगरातून तळजईच्या चढाला लागलो.

सुरुवात चुकली. मी गिअर जडच ठेवला होता. चढ लागल्यावर पाय थांबले, पाय थांबल्यावर मोटरही थांबली, आणि १०८ किलोंचा तो समुच्चय मागे घरंगळू लागला. मागे स्कूटर होती म्हणून थांबलो. हलका गिअर टाकून परत निघालो आणि मग खरोखर मजा आली. दम लागत होता, पण बोलता येईल इतकाच. गुडघे गप्प होते. कारल्याच्या रसाचा स्टॉल मागे पडला. टेकडीवर फिरायला निघालेले दोन निवृत्त गृहस्थ मागे पडले. त्यातल्या एकाने "वा!" म्हटलं. मी हँडलवरचा एक हात काढून नमस्कार करणार होतो, पण तेवढ्यात बारीक टायरच्या, बिनमोटरच्या सायकलवरून एक पोरगा शेजारून सर्रकन वर गेला. जाता जाता माझ्या बॅटरीकडे बघून म्हणाला, "चला काका, जोर लावा!"

डिस्प्लेवर निघताना पाच दांड्या होत्या. अर्ध्या चढावर दोन उरल्या. माझ्या पोटात गोळा आला. सिंहगडाचा हिशेब तळजईतच बुडाला! पण वर सपाटीला आलो, मोटरवरचा भार गेला, आणि दांड्या परत चार. लोड आला की व्होल्टेज दबतं आणि भाबड्या डिस्प्लेला वाटतं बॅटरी संपली. हे कारण समजल्यावर मला तो डिस्प्ले फार जवळचा वाटला. ऑडिटच्या आठवड्यात माझ्याही दोनच दांड्या असतात.

वर कुठेतरी मोर ओरडला. मी उतरलो आणि सायकल उभी करायला झाड शोधू लागलो. तळजईवर झाडांना तोटा नाही. पण रस्त्याकडेच्या झाडांना कुठे काटे, कुठे मुंग्या, आणि एका चांगल्या गुळगुळीत झाडाला आधीच एक आजोबा पाठ टेकवून व्यायाम करत होते. शेवटी सायकल मीच धरून उभा राहिलो, डझनभर केळी हँडलला लटकावून. मुलाला एक दिलं.

उतारावर ब्रेक बघितले. चांगले होते. यादीतल्या एकतीसपैकी सव्वीस प्रश्नांना पास. "उद्या सांगतो," म्हणालो आणि घरी आलो.

"घेतो आहे," मी जाहीर केलं.

"ठेवणार कुठे?"

आता मात्र यादी संपली होती. आमची सोसायटी एकोणीसशे ब्याऐंशीची. तीन मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. खाली पार्किंगमध्ये प्लग नाही. तिथून दोन वर्षांत तीन सायकली गेल्या, त्यातली एक तर पंक्चर होती. ही बॅटरी किल्लीने निघते, ती वर आणता येईल. पण उरलेली सायकल खाली ठेवली तर रात्री झोप कुणाला लागणार?

"वर आणीन उचलून. २४ किलो म्हणजे काय?"

"आणून दाखवा," ती म्हणाली. "तसाही तांदूळ संपलाय."

मला ही परीक्षा शास्त्रीय वाटली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून कोलमची २५ किलोची गोणी घेतली. एक किलो जास्त, म्हणजे निकाल सुरक्षित बाजूलाच. खांद्यावर टाकली आणि चढू लागलो. चढता चढता मनातल्या मनात हिशेबही केला: ९ मीटर उंची, एकूण वजन तेच, एखाद किलो इकडे तिकडे. सिंहगडाला १७६ वॉट-अवर, तर या जिन्याला अडीचच्या थोडे वर. किरकोळ.

पहिला मजला ठीक गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उजव्या गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला. डिस्प्लेवर एक दांडी. मी गोणी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसलो. समोरच्या दारातून काकू बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं. "काय भाव पडला?" म्हणाल्या. मी सांगितला. "महाग दिला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेवढ्यात फोन वाजला. दुकानातला मुलगा.

"काका, शेठशी बोललो. तुमच्यासाठी स्टँड फ्री बसवून देतो. मडगार्ड पण देतो. अजून काय हवं, बोला."

दम खाऊन मी म्हणालो, "लिफ्ट."

पलीकडे जरा शांतता. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"एक मिनिट हं काका, स्टॉकमध्ये आहे का बघतो."