आई-बाबांना जहाजावरच बसवून ठेवू नका हो

सकाळपासून डोकं तापलंय. एका ग्रुपवर एका मुलीने साधा प्रश्न विचारला होता. आई-बाबा पुण्याहून येताहेत, मायामीहून कॅरिबियन क्रूझ बुक केलीय, बाबांचे गुडघे गेलेत, आई काठी घेऊन चालते. पोर्टवर त्यांच्यासाठी काय करता येईल? निम्म्या लोकांचं उत्तर, "ते जहाजावर मजेत राहतील, बुफे असतोच." उरलेल्यांचं, "सबमरीन करा, नुसतं बसायचं असतं."

नुसतं बसायचं? मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर आणि ग्रँड केमन बेटावर असलेल्या अटलांटिस पाणबुडीत बसायला बाकं आहेत, कबूल. पण त्या बाकापर्यंत पोचायला आधी बोटीने समुद्रात जायचं, तिथून हलत्या डेकवर पाऊल टाकायचं आणि मग झाकणातून जवळजवळ उभ्या शिडीने, शिडीकडे तोंड करून, खाली उतरायचं. येताना तीच शिडी चढायची. ज्या माणसाला खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, त्याला तुम्ही हे सुचवताय! त्यापेक्षा सेमी-सबमरीन घ्या. ती पूर्ण पाण्याखाली जात नाही, साध्या जिन्याच्या थोड्या पायऱ्या उतरल्या की काचेशी बसून मासे दिसतात.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं सांगते. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या. ग्रँड केमनला मुलांनी टर्टल सेंटर, म्हणजे कासवं बघायचं ठिकाण, ठरवलं होतं. निवड चांगलीच होती, पण तिथे मोठ्या जहाजांना धक्काच नाही. २०२५ च्या सार्वमतात केमनच्या लोकांनी तो नाकारलाही. जहाज समुद्रात उभं राहतं आणि टेंडर बोटीने किनाऱ्यावर जायचं. काकू खालच्या डेकच्या दारात पोचल्या तेव्हा समोरची बोट फूटभर वर येत होती, फूटभर खाली जात होती, मध्ये पाणी दिसणारी फट. दोन खलाशांनी दोन्ही दंड धरले होते. काकूंनी पाय उचलला आणि परत मागे घेतला. मुलं-नातवंडं आधीच बोटीत बसलेली.

म्हणून सांगते, अ‍ॅक्टिव्हिटी शेवटी निवडायची, आधी धक्का बघायचा. तुमच्या मार्गात टेंडरची पोर्ट किती आहेत? बेलीझ सिटीलाही टेंडरच, कारण किनाऱ्याजवळ पाणी उथळ, जहाज कितीतरी मैल लांब थांबतं. समुद्र खवळला तर व्हीलचेअरवाल्यांना टेंडरवर घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. उलट कोझुमेल, सेंट मार्टेन, अरुबा, कुरासाव, बार्बाडोस, सेंट किट्स इथे जहाज धक्क्याला लागतं. कोझुमेल, ग्रँड केमन, बेलीझकडचा वेस्टर्न मार्ग स्वस्त पडतो, मान्य. पण ज्यांच्यासाठी सहल काढली, त्यांनाच उतरता येणार नसेल तर वाचवलेल्या डॉलरचं करायचं काय?

मला सगळ्यात आवडतं ते कुरासाव. विलेमस्टाडमध्ये क्वीन एम्मा पूल आहे, १८८८ चा, तरंगत्या होड्यांवर लाकडी फळ्या टाकलेला. सपाट आहे, व्हीलचेअर सहज जाते. जहाज येतंय म्हटलं की घंटा वाजते आणि अख्खा पूल एका बाजूला सरकतो. समोरच्या कॅफेत खुर्ची टाकून हे बघायचं, मागे ती रंगीत घरांची रांग. आई-बाबांनी आणखी काय करायला हवं? फक्त पूल जहाजांसाठी बराच वेळ बाजूला सरकवलेला राहिला तर पलीकडे जायला फेरीबोट घ्यावी लागते, हे लक्षात ठेवा.

सेंट किट्सला जुन्या साखर रेल्वेची फेरी आहे. बेटाला वळसा, १८ मैल गाडीने, १२ मैल बसने, साधारण तीन तास. प्रत्येकाला दोन जागा असतात, वर उघड्या डेकवर एक आणि खाली एसी डब्यात एक. वर जिना आहे, तेव्हा आई-बाबांनी खालीच बसावं. बार्बाडोसच्या हॅरिसन्स केव्हमध्ये ट्राममधून गुहा दिसते. सेंट मार्टेनला फिलिप्सबर्गचा समुद्रकाठचा रस्ता सपाट आहे, छत्री-खुर्ची भाड्याने मिळते.

आणि "इझी" लिहिलेल्या एक्सकर्शनवर, म्हणजे जहाजाकडून पोर्टवर मिळणाऱ्या सहलींवर, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ते ठिकाणावरच्या चालण्याबद्दल असतं. मोठ्या बसच्या चार-पाच उंच पायऱ्या, रांगेत उभं राहणं, पार्किंगपासूनचं अंतर त्यात धरलेलं नसतं. गुडघ्यांना चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त छळतं. सेंट थॉमसला उघड्या सफारी टॅक्सी असतात, त्यांची पायरी आपल्या जीपसारखी उंच, व्हॅन मागा. सेंट लुसियाचा सल्फर स्प्रिंग्ज, म्हणजे गंधकाच्या झऱ्यांचा भाग, गाडीतून बघता येतो म्हणतात, पण जहाज लागतं त्या कॅस्ट्रीजहून तिथपर्यंत वळणांचा घाट आहे, कंबर धरते आणि मळमळतं. कोझुमेलहून तुलुमचे माया अवशेष तर नकोच: फेरी, मग बस, मग उन्हात खडबडीत वाट. कोझुमेललाच चांकानाब या समुद्रकाठच्या पार्कला टॅक्सीने जा. रस्ते बांधलेले, सावली आहे, जेवण आणि बाथरूम एकाच आवारात. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ मायामीच्या एक तास मागे असतं आणि फोन आपोआप बदलतो. हातात जहाजाची वेळ लावलेलं साधं घड्याळ ठेवा.

काकूंना जहाजावरची व्हीलचेअर खाली न्यायची होती, तीही मिळाली नाही. त्या खुर्च्या चढण्या-उतरण्यापुरत्या आणि अडीअडचणीला असतात. आपली न्या किंवा आधीच भाड्याने केबिनमध्ये मागवा. मागून दुसऱ्याने ढकलायची हलकी ट्रान्सपोर्ट चेअर विमानात सोयीची, पण तिची छोटी चाकं प्युर्टो रिकोतल्या सॅन वानच्या दगडी रस्त्यांत अडकतात; तिथे मागची चाकं मोठी असलेलीच हवी. गँगवेचा, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर उतरायच्या रॅम्पचा, उतार तीव्र असेल तर खुर्ची उलटी फिरवून उतरवा, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही.

रागाने लिहायला बसले होते, पण मुलं वाईट नसतात हे मलाही कळतं. सुट्टी मोजकी, कडेवर लहान पोर, आणि आई-बाबाच म्हणतात "तुम्ही जा, आम्ही बसतो." काकूही तेच म्हणाल्या होत्या. हनुवटीखाली बांधलेली टोपीसुद्धा त्यांनी दुपारपर्यंत काढली नव्हती. कुणाला खरोखर जहाजावरच राहावंसं वाटतं, तेही ठीक. पण आधी दुसरा काही पर्याय समोर ठेवून विचारा की!

एक गोष्ट कुणीच बोलत नाही, ती म्हणजे बाथरूम. बाथरूम कुठे असेल या धास्तीने ही मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते. एक्सकर्शन डेस्कवर आदल्या दिवशी विचारा: बाथरूम कुठे, तिथे पायऱ्या आहेत का, मध्येच परत येता येईल का? ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी चालू असेल, तर पोर्टच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे भारतातून निघायच्या आधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आपल्या मनाने बंद करू नका.